टाकीचा चढ

दि. ३ फेब्रुवारी, मंगळवार

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

पत्रास कारण की, काल मला पोस्टमनने मागे टाकलं. मी स्कूटरवर आणि तो सायकलवर. पाण्याच्या टाकीच्या चढावर मी मूठ पार पिळून बसले होते, स्कूटर घशात काहीतरी अडकल्यासारखी गुरगुरत होती, आणि हा गृहस्थ उभ्याने पेडल मारत शेजारून गेला. जाताना हात उंचावून नमस्कार केला. घरी पोचले तर तुझं पत्र माझ्याआधी दारात पडलेलं. तुझ्या पत्रानेसुद्धा मला मागे टाकलं, म्हण ना.

बत्तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे ट्रंक कॉल जोडले, आणि सख्ख्या भावाला वर्कशॉपच्या गोंगाटाने बहिरं करून ठेवलं, म्हणून या वयात मला शाईने बोटं काळी करावी लागतात. ते असो. मोबाइलवर अंगठ्याने लिहिणं मला जमणार नाही, आणि तुला वाचणं.

आता मुद्द्याचं. टपालपेटीपासून माझ्या फाटकापर्यंतचा चढ एक किलोमीटरही भरत नाही. काल मी घड्याळ लावलं. पाच मिनिटं चाळीस सेकंद. म्हणजे तीन मिनिटांचे दोन कॉल जवळजवळ संपले. मागच्या आठवड्यात याच चढावर मागून येणाऱ्या दुधाच्या टँकरला मी इतकी हळू चालले आहे हे कळलंच नाही. त्याने कचकन ब्रेक मारला, टँकर वळवला, आणि माझा आरसा घेऊन गेला. ड्रायव्हर उतरून मला म्हणाला की बाई, एक तर चाला नाहीतर गाडी चालवा, दोन्ही एकदम करू नका. मी त्याला चार शब्द सुनावले, पण खरं सांगू, त्याचं बरोबर होतं.

हे साहेबांच्या कानावर गेलं. साहेब म्हणजे माझे चिरंजीव. हल्ली ते माझ्याशी बोलतात तेव्हा समोर फाइल उघडलेली आहे असं वाटतं. त्यांचा निकाल असा की गाडी विकायची, आणि वर टाकीपाशी बस येत नसल्यामुळे घरही सोडायचं, आणि मी त्यांच्या नवव्या मजल्यावर राहायला जायचं. मी भडकले. बोलता बोलता पैज लागली. १५ मार्चला, रविवारी, साहेब येणार. टपालपेटीपाशी माझ्या मागे बसणार. मध्ये न उतरता फाटकापर्यंत पोचलो तर घर माझं आणि गाडी माझी. उतरावं लागलं तर मी सामान बांधायचं. मी शब्द दिला आहे, आणि शब्द फिरवणं मला कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं नाही.

अडचण एवढीच की मागे कुणी बसलं की ही गाडी टाकीच्या अलीकडच्या वळणावर प्राण सोडते. खालच्या गॅरेजात गेले होते. तिथला मेकॅनिक मला आजी म्हणाला, आणि तुम्ही दोघींनी आता आराम करावा असं सुचवलं. मी किल्ली उचलून निघाले. घरात फिटर असताना मी बाहेरच्यांचं का ऐकावं?

सहा आठवडे आहेत. गाडी पळव. तुझ्या बायकोचे गुडघे कसे आहेत?

लोभ ठेव, गाडीत नाही, निदान तुझ्यात तरी असू दे.
तुझी ताई


दि. ८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसलो आणि मग घाबरलो. टँकरचं तू एका ओळीत उरकलंस, पण मी ती ओळ चार वेळा वाचली. हिचे गुडघे बरे आहेत, ती तुला नमस्कार सांगते आणि आरसा ताबडतोब बसवून घ्यायला सांगते.

गाडी छोटी आहे, तिच्याकडून घोड्याची अपेक्षा नको. पण पाच मिनिटं चाळीस म्हणजे जास्तच झालं. आधी टायरची हवा बघ. तू डोळ्यांनी बघतेस, ती मीटरने बघायची असते. गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरव. मोकळं फिरलं पाहिजे, घासलं तर कळव. मग हवेचा फिल्टर काढून साबणाच्या पाण्यात धू आणि सावलीत वाळव. प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग मला लिही, चॉकलेटी हवा, काळा नको. शेवटी सायलेन्सर उतरव. दोनच नट आहेत. आत तेलाची काजळी इतकी साचते की इंजिनाला श्वास सोडता येत नाही. ती खरवडून काढ.

तुझ्या खालच्या मजल्यावरच्या घड्याळजींना बरोबर घे. त्यांचा हात हलका आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. कार्ब्युरेटरला हात लावू नका. तो नाजूक असतो आणि मी तो जुळवून ठेवलेला आहे. खाली दोन रेघा मारल्या आहेत त्या मुद्दाम.

लोभ आहेच, काळजी त्याच्यापेक्षा जास्त आहे.
तुझा धाकटा


दि. १६ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

तू सांगितलंस ते सगळं केलं. हवा निम्मी होती. फिल्टर धुतला तर त्यातून एक अख्खी वाळकी गांधीलमाशी निघाली. प्लग काळा होता, शाळेच्या फळ्यासारखा. सायलेन्सरमधली काजळी आम्ही दोन दिवस खरवडत होतो. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसले होते, जणू काही राणीचं मनगटी घड्याळ उघडलंय. शेवटी त्यांनी भिंग काढलं तेव्हा डोळ्याभोवती काजळीचं गोल कडं उमटलेलं. मी सांगितलं नाही. दिवसभर दुकानात तसेच बसले. त्यांची बायको माझ्याशी बोलत नाही.

निकाल: पाच मिनिटं पाच सेकंद. पोस्टमन अजून पुढेच आहे, पण आता त्याला घाम येतो.

घड्याळजींचं मत असं की रोग कार्ब्युरेटरमध्ये आहे. बारीक भोकं म्हटलं की त्यांच्या हाताला खाज सुटते. मी त्यांना तुझ्या दोन रेघा दाखवल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा तुझं ऐकलं. याची नोंद घे.

मागे बसवून बघायला घड्याळजी स्वतः तयार झाले. वजन जेमतेम पंचावन्न किलो. वळणापर्यंत आलो आणि गाडी थांबली. ते उतरून शेजारून चालू लागले, आणि फाटकापाशी माझी वाट बघत उभे राहिले. साहेबांचं वजन ब्याऐंशी आहे.

लोभ चढाच्या अलीकडेच संपू देऊ नकोस.
तुझी ताई


दि. १८ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून लिहितो आहे. आईने तुम्हाला पैजेबद्दल कळवलं असेलच, आणि त्यात मी कसाई असेन. मला पैज जिंकायची नाही हो. तो टँकरवाला माझ्या ऑफिसातल्या एकाच्या ओळखीचा निघाला. तो म्हणाला की वळणावरून वर आलो तर समोर गाडी उभीच आहे असं वाटलं. चालती गाडी त्याला उभी वाटली, मामा.

बाबा गेल्यावर वर्षभराने आई एकटी राहते म्हणाली तेव्हा मी हो म्हटलं, त्याचं अर्धं कारण ही गाडी होती. इतकी हळू चालते, हिच्यावर काय होणार, असं मनात होतं. मी निर्धास्त झोपायचो. आता त्याच हळूपणामुळे तिला कुणीतरी मागून उडवील अशी भीती वाटते.

तुम्ही तिला सांगा की या गाडीत आता काही राम नाही. इंजिनाच्या बाबतीत ती फक्त तुमचं ऐकते. माझ्याकडे तिची खोली पूर्वेला आहे, पुस्तकांना कपाट करून घेतलं आहे. हे पत्र मी लिहिलं हे तिला सांगितलंत तरी चालेल, तिला कळणारच आहे.

मामींना नमस्कार. तुमचं प्रेम आम्हा दोघांवर सारखं असू द्यावं.
तुमचा भाचा


दि. २३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत पट्टा आणि सहा नवे रोलर पाठवतो आहे. डाव्या बाजूचं झाकण उघडलंस की पुढच्या पुलीच्या पोटात हे रोलर असतात. जुने एका बाजूने झिजून चपटे झाले असतील, त्यामुळे गाडी चढावर योग्य गिअर पकडत नाही. बदलून बघ. फरक पडेल. फार पडेल असं मात्र सांगत नाही.

भाच्याचं पत्र आलं. त्याने तुझी खोली तयार केली आहे, पुस्तकांना कपाटही आहे. ताई, रागावू नकोस, पण नववा मजला काही वाईट नसतो. वारा चांगला येतो. लिफ्ट आहे. गाडी जुनी झाली, आपणही. तू विचार करावास असं मला वाटतं.

कार्ब्युरेटर उघडलेला नाही ना?

दोन दिवस झोप नीट नाही, म्हणून पत्र छोटं.
लोभ असावा, मी त्याला पुरा पडलो नाही तरी.
तुझा धाकटा


दि. २८ फेब्रुवारी

खटपट्या,

आशीर्वाद आज वेगळा लिहीत नाही, आहे तो पुरवून वापर.

वारा चांगला येतो म्हणे! वारा खायचा असेल तर मी गच्चीवर जाईन. तू माझा भाऊ की साहेबांचा वकील? तुझी पत्रं मी साठ वर्षं वाचते आहे, होस्टेलमधून पाठवायचास तेव्हापासून, आणि गाडी जुनी झाली हे वाक्य तुझं नाही. तू गंजलेलं शिवणयंत्र दोन आठवडे तेलात बुडवून चालू केलेला माणूस. तुला जुनं झालं म्हणजे काय ते ठाऊकच नाही.

पट्टा घातला, रोलर घातले. जुने खरंच चपटे होते. चार मिनिटं चाळीस. घड्याळजींना मागे घेऊन गेले तर वळण पार झालं आणि टाकीच्या शिडीपाशी गाडी थांबली. म्हणजे साहेबांना घेऊन वळणही पार होणार नाही.

आता नीट ऐक. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर खोटं बोलणाऱ्या मुलीला समोर उभं करून तिच्या डोळ्यांत बघायच्या, आणि एक्स्चेंजमध्ये मला नुसत्या आवाजावरून कळायचं की पलीकडचा माणूस घरूनच बोलतोय आणि बाहेरगावी आहे म्हणून सांगतोय. तुझा आवाज मला ऐकू येत नाही, डोळे दिसत नाहीत, पण अक्षर दिसतं. पहिल्या पत्रात कार्ब्युरेटरखाली दोन रेघा. दुसऱ्यात शेवटी तीच चौकशी. सात वर्षांचा असताना तू बाबांच्या घड्याळाची कमान तोडलीस आणि आठवडाभर घरात सगळ्यांना सांगत हिंडलास की त्या घड्याळाला कुणी हात लावू नका, ते नाजूक आहे.

माझ्या गाडीत तू काय करून ठेवलं आहेस?

उलटटपाली लिही. पंधरा दिवस उरले. साहेब काही मला फासावर देत नाहीत, मला माहीत आहे; पण माझं घर, माझी सकाळ आणि कुणाला न विचारता बाहेर पडणं एवढंच माझ्याकडे उरलं आहे, आणि ते तुझ्या त्या कार्ब्युरेटरवर टांगलेलं आहे.
ताई


दि. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू विचारलंस ते बरं केलंस. अकरा वर्षं मी याची वाट बघत होतो आणि तू विचारू नयेस अशी प्रार्थनाही करत होतो.

कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्या मध्ये मी एक पितळी चकती बसवली आहे. मधोमध भोक आहे, करंगळीच्या नखाएवढं. जेवढं मिश्रण इंजिनाला मिळायला हवं त्याच्या जेमतेम निम्मं त्यातून जातं. आत पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं जेट असतं, तेही लहान घातलं आहे. मूठ कितीही पिळलीस तरी गाडी ठरावीक वेगापुढे जाणार नाही, अशी ती योजना होती. तुझी गाडी आळशी नाही, ताई. मी तिच्या नाकाला चिमटा लावला.

का, ते लिहितो. भावोजी गेले त्या वर्षी मी महिनाभर तुझ्याकडे राहिलो होतो. निघताना तू मला स्टेशनवर सोडायला स्कूटरवरून निघालीस. टाकीच्या वळणावर खालून विटांचा ट्रक आला. तुझ्या खांद्यावरून मला तुझा हात दिसत होता. ब्रेकच्या दांडीवर एक बोटही नव्हतं. ट्रकवाल्याने वळवला म्हणून आपण वाचलो, वीतभर अंतराने. तेव्हा माझे कान चांगले होते. तुझा श्वाससुद्धा वाढला नव्हता. मग तू मला विचारलंस की पाण्याची बाटली घेतलीस का.

आगगाडीत बसून मी घरी आलो आणि तिसऱ्या दिवशी लेथवर ती चकती कातली. पंधरा दिवसांनी छत्री विसरली म्हणून मी परत आलो होतो, आठवतं? छत्री मी मुद्दाम ठेवली होती. तू पायी बाजारात गेलीस तेवढ्यात काम केलं, आणि गाडी मंदावली ते तू तिच्या वयावर ढकललंस. छत्री तेव्हाही न्यायची राहिली.

वर्षभरासाठीच बसवली होती. पुढच्या वर्षी आलो तर तू हसत होतीस, मला वाटलं आता काढावी. पण गाडी एकदम पळायला लागली असती आणि तू कारण विचारलं असतंस. मग ते राहिलं. दर पत्रात तू गाडीला शिव्या घालायचीस आणि मी वाचून मनात म्हणायचो, हळू आहे, पण ताई आहे. टँकरचं वाचलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली. तुला वाचवायला जे केलं तेच तुला मारायला निघालं होतं. तरीही मी रोलर पाठवत बसलो, नववा मजला सुचवत बसलो, कारण कबूल करायची हिंमत होत नव्हती. हिला काल सांगितलं. तिने मला जेवायला वाढलं, पण बोलली नाही.

मूळ जेट मी फिल्मच्या डबीत जपून ठेवलं होतं. सोबत पाठवलं आहे, नवं पॅकिंगही आहे. दहाचा पाना लागेल, दोन नट. घड्याळजींना करू दे, त्यांची हौस फिटेल. जेट ते भिंगाखाली सहज बदलतील. पहिल्यांदा मूठ अर्धीच पीळ. ती तुझ्या ओळखीची गाडी राहणार नाही.

ब्रेकबद्दल मी काही लिहीत नाही. तो अधिकार मी तेव्हा तुला न विचारता घेतला, आता पुन्हा घेत नाही.

लोभ मागायचं तोंड नाही. रागवायचं असेल तर पानभर तरी रागव.
तुझा धाकटा


दि. ९ मार्च

पत्र मिळालं. डबी मिळाली.
उरलेलं रविवारनंतर.
ताई


दि. १६ मार्च, सोमवार

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.; गेल्या दोन पत्रांतले थकलेलेही यात धर.

आधी रागावून घेते. अकरा वर्षं! अकरा वर्षांत मला सायकली, शाळेतली पोरं, ढकलगाड्या आणि एकदा एक अंत्ययात्रा, इतक्यांनी मागे टाकलं. अंत्ययात्रेतला एक माणूस वळून माझ्याकडे सहानुभूतीने बघत होता. मी गाडी बनवणाऱ्या कंपनीला दोन खरमरीत पत्रं लिहिली, त्यांनी बिचाऱ्यांनी माफी मागितली. त्या माफीचं आता मी काय करू? आणि तुझी छत्री मी दर पावसाळ्यात झटकून, वाळवून ठेवत आले, धाकट्याची आहे म्हणून. मूर्ख कुठला. पानभर रागवायचं होतं, पण खरं म्हणजे एवढाच सापडला.

दुसरं लिहायला मला आठवडा लागला. वळणावर माझी बोटं ब्रेकवर नव्हती, हे बरोबर आहे. मला ते तेव्हाही माहीत होतं. मरायचं होतं असं नाही म्हणता येणार. थांबायचं कशासाठी, हे आठवत नव्हतं, एवढंच. मला वाटायचं ते कुणालाच दिसलं नाही. अकरा वर्षं मी ते एकटीने झाकून ठेवलं आणि तू पितळेत कोरून माझ्याच गाडीत ठेवलंस. तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि बराच वेळ नुसतं बरं वाटत राहिलं. का ते मला सांगता येत नाही. कुणीतरी बघत होतं, म्हणून असेल.

चकती घड्याळजींनी काढली. इतकी गुळगुळीत कातलेली आहे की त्यांनी ती दोन बोटांत धरून उजेडात फिरवली आणि म्हणाले की हा माणूस चुकीच्या धंद्यात गेला. मी ती दाराजवळच्या खिळ्याला किल्लीशेजारी अडकवली आहे. परत मागू नकोस. मूळ जेट घालून गाडी सुरू केली तर तिचा आवाजच पालटला, सर्दी उतरल्यासारखा. तुझं ऐकून मूठ अर्धीच पिळली, तरी मी मागे राहिले आणि गाडी पुढे गेली असं क्षणभर वाटलं. गुरुवारी पोस्टमनला टपालपेटीपाशी गाठलं आणि वळणाच्या आधी मागे टाकलं. हात उंचावून नमस्कार करायला विसरले नाही.

आता काल. साहेब दहाला आले, हेल्मेट स्वतःचं घेऊन. मागे बसले तेव्हा गाडी खाली दबली आणि मी मनात ब्याऐंशी म्हटलं. घड्याळजी दुकान बंद ठेवून टपालपेटीला टेकून उभे. मी मूठ पिळली. अर्ध्या चढावर साहेबांचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर घट्ट बसले आणि कानापाशी ते म्हणाले की आई, हळू. अकरा वर्षांत मला हळू जा म्हणणारा तो पहिलाच.

आणि मग वळण आलं. वरून तोच दुधाचा टँकर खाली येत होता, निम्मा माझ्या बाजूला. धाकट्या, माझी चारही बोटं ब्रेकवर होती. केव्हा गेली मला कळलं नाही. दाबला, पायाचाही दाबला. गाडी किंचाळली, थोडी घसरली, आणि साहेबांचा चष्मा माझ्या पाठीत रुतला. पण थांबली. टँकर गेला. ड्रायव्हरने मला ओळखलं आणि या वेळी नुसता कपाळाला हात लावला.

आम्ही तसेच थांबलो, ऐन वळणावर, चढाच्या पोटात. साहेब उतरले नाहीत. माझ्या पाठीला त्यांचं काळीज धडधडताना कळत होतं, माझं त्यांना कळलं असेल. इथून गाडी उचलली नाही तर सगळं संपलं, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी मूठ पिळली आणि तुझी ती नकटी गाडी ब्याऐंशी अधिक साठ किलो घेऊन, उभ्या जागेवरून, एक शब्द न काढता वर गेली. टाकी, शिडी, फाटक. किती वेळ लागला ते विचारू नकोस. घड्याळ बघायचं राहिलं.

साहेब उतरले, चष्मा पुसला. मला वाटलं आता फाइल उघडतील. ते म्हणाले की पुस्तकांचं कपाट टेम्पोत घालून इकडेच पाठवतो. मग चहाला थांबले, दोन कप घेतले, आणि निघताना स्वतः गाडी घेऊन खालपर्यंत एक फेरी मारून आले. परत आले तेव्हा वीस वर्षांचे दिसत होते. पुढच्या महिन्यातही येणार आहेत, म्हणे गाडी बघायला.

तुझ्या बायकोला सांग, बोलायला लाग आता त्याच्याशी. मी बोलते आहे. आणि दोघं या. छत्री न्यायची आहे.

जाता जाता एक काम. कालच्या किंचाळण्यानंतर घड्याळजींनी दोन्ही चाकं उघडली. ब्रेकचे लाइनर काचेसारखे गुळगुळीत झाले आहेत. अकरा वर्षं हळू चालणाऱ्या गाडीचे ब्रेक कोण तपासतो? तेव्हा नवे जोड पाठव, पुढचे आणि मागचे, दोन्ही. चांगल्यातले पाठव, आणि लवकर पाठव. मला ते लागणार आहेत.

लोभ होता हे आता कळलं. यापुढे कळवून कर.
तुझी ताई